झटपट कर्जाच्या ॲपची सहा कर्जे : पगारात बसेल असा हप्ता कसा मागावा?

चाकणवासी

सर्वांना नमस्कार. मी चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम करतो. हातात २७,४०० रुपये पगार पडतो आणि तो दर महिन्याच्या ७ तारखेला जमा होतो. गेल्या दिवाळीच्या तोंडावर आईची पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली. त्या वेळी कमी पडलेले ८,००० रुपये मी मोबाइलवरच्या एका ॲपमधून घेतले. दहा मिनिटांत पैसे खात्यात आले आणि तेव्हा देव पावल्यासारखे वाटले. पहिले कर्ज फेडण्यासाठी दुसरे घेतले, दुसऱ्यासाठी तिसरे, आणि आज माझ्या नावावर सहा कर्जे आहेत.

त्यांपैकी दोन मासिक हप्त्यांची आहेत. एकाची मुद्दल ६०,००० रुपये बाकी असून हप्ता ६,१०० रुपये आहे, तर दुसऱ्याची मुद्दल ३२,००० रुपये बाकी असून हप्ता ४,००० रुपये आहे. आणखी दोन कर्जे पगारापर्यंतची, म्हणजे तीस दिवसांची आहेत : एक १८,००० रुपयांचे आणि एक १०,००० रुपयांचे. राहिलेली दोन सात दिवसांची असून त्यांत कर्ज देणाऱ्या कंपनीचे नावच कुठे दिसत नाही. एकात ५,००० रुपये दाखवून ३,२०० रुपये दिले आणि दुसऱ्यात ६,००० रुपये दाखवून ३,९००. या महिन्यात केवळ पहिल्या चार कर्जांचे ३८,१०० रुपये देणे आहे, म्हणजे अख्ख्या पगारापेक्षा जास्त. शिवाय कंपन्या ५ तारखेला खात्यातून हप्ता ओढतात आणि पगार ७ तारखेला येतो. गेल्या महिन्यात चार वेळा हप्ता परत गेला, आणि बँकेने प्रत्येक वेळचे ५९० रुपये कापले.

कर्ज बुडवायचे माझ्या मनात नाही. मला झेपेल एवढा हप्ता या कंपन्यांकडून मागून घेता येतो का, आणि तो कसा मागावा, हे कृपया सांगावे. आईने काल रात्री कपाटातून तिच्या दोन पाटल्या काढून माझ्यापुढे ठेवल्या आणि “गहाण ठेव, पण हे वसुलीचे फोन बंद होऊ देत,” असे म्हणाली. त्या घ्याव्यात की नाही, हेही मला कळत नाही.

निवृत्त शाखाधिकारी, कोल्हापूर

चाकणवासी, तुम्ही आकडे मांडून प्रश्न विचारलात, हे फार बरे झाले. पाटल्यांना आज हात लावू नका. त्या कधी लागतील, ते मी पुढे सांगतो.

आधी या पैशाची किंमत समजून घ्या. तुमच्या १०,००० रुपयांच्या कर्जाचे मुख्य तथ्य विवरण, म्हणजे कर्जाचे व्याज, शुल्क आणि परतफेड एका जागी सांगणारा कागद, ॲपमध्ये किंवा ईमेलमध्ये असेल, ते उघडा. अशा कर्जात साधारणपणे १,५०० रुपये प्रक्रिया शुल्क आणि त्यावर २७० रुपये जीएसटी आधीच कापून ८,२३० रुपये हातात दिले जातात आणि तीस दिवसांनी १०,३०० रुपये परत मागितले जातात. म्हणजे ८,२३० रुपयांवर महिन्याला २,०७० रुपये, अर्थात महिन्याला पंचवीस टक्के आणि वर्षाचा हिशेब धरला तर तीनशे टक्क्यांच्या वर. तुमच्या विवरणातले आकडे थोडे वेगळे असतील, पण हिशेब असाच करा. महिन्याला पंचवीस टक्क्यांचे कर्ज दुसऱ्या तशाच कर्जाने फेडता येत नाही, म्हणून आजपासून सातवे कर्ज घ्यायचे नाही, मग ते पाचशे रुपयांचे का असेना.

यानंतर सहा कर्जांचे दोन भाग करा. ज्या चार कर्जांच्या कागदावर बँकेचे किंवा रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्त कंपनीचे नाव आहे, ती एका बाजूला ठेवा, आणि निनावी दोन दुसऱ्या बाजूला. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये डिजिटल कर्जांसाठी नियम आणले आणि मे २०२५ मध्ये ते नव्याने एकत्र केले. त्यांनुसार कर्जाची रक्कम कर्ज देणाऱ्या संस्थेच्या खात्यातून थेट तुमच्या खात्यात यायला हवी, मध्यस्थाचे शुल्क तुमच्याकडून घेता येत नाही, आणि ॲपला तुमच्या फोनमधली नावांची यादी, छायाचित्रे किंवा कॉलची नोंद पाहता येत नाही. नोंदलेल्या संस्थांनी कळवलेल्या ॲपची यादी जुलै २०२५ पासून रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. यादीत नाव आहे म्हणून ते ॲप चांगलेच आहे असे नाही, मात्र नाव मुळीच सापडले नाही तर सावध व्हावे.

आता हप्त्याकडे येऊ. कंपनी किती मागते यावरून सुरुवात करू नका, घराला किती लागते यावरून करा. एका वहीत भाडे, किराणा, दूध, गॅस, वीज, आईची औषधे, जाण्यायेण्याचा खर्च आणि मुलांची फी खरी खरी लिहा. समजा, ही बेरीज १९,२०० रुपये झाली, तर ८,२०० रुपये उरतात. त्यातले १,००० रुपये अडीअडचणीसाठी बाजूला ठेवा. तेवढे ठेवले नाहीत, तर पुढच्या तापाच्या आजारात तुम्ही पुन्हा ॲप उघडाल, हे मी अनेक कर्जदारांच्या बाबतीत पाहिले आहे. राहिले ७,२०० रुपये. चार कर्जांची मुद्दल मिळून १,२०,००० रुपये होते. त्या प्रमाणात वाटणी केली तर साठ हजारवाल्याला ३,६०० रुपये, बत्तीस हजारवाल्याला १,९२०, अठरा हजारवाल्याला १,०८० आणि दहा हजारवाल्याला ६०० रुपये येतात. पुढचे व्याज थांबले तर सतरा महिन्यांत सगळे फिटते, आणि कराराचे व्याज चालू राहिले तर मुदत त्या मानाने वाढते. प्रत्येकाला त्याच्या वाट्याचेच मिळते आहे, हे कागदावर दिसले की मागणी वाजवी वाटते. जो जास्त ओरडतो त्याला आधी देण्याची चूक बहुतेक सगळे करतात, आणि मग बाकीचे तिघे थकतात.

ही मागणी फोनवर करू नका. प्रत्येक कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव आणि ईमेल कर्जाच्या कागदांत असते. त्या पत्त्यावर असे लिहा : “माझे मासिक उत्पन्न आणि आवश्यक खर्च सोबत जोडले आहेत. माझ्यावर चार संस्थांचे मिळून १,२०,००० रुपये मुद्दल देणे आहे. आपल्या कर्जाच्या प्रमाणात मी दरमहा १० तारखेला १,०८० रुपये देऊ शकतो. कृपया पुढील व्याज व दंडात्मक शुल्क थांबवावे, हप्त्याची तारीख ५ ऐवजी १० करावी आणि ही व्यवस्था लेखी मान्य करावी. उत्पन्न वाढल्यास मी हप्ता वाढवून देईन.” सोबत तीन महिन्यांच्या पगारपत्रकाच्या आणि शस्त्रक्रियेच्या बिलाच्या प्रती जोडा. आर्जव किंवा रडगाणे नको, आणि झेपणार नाही असे आश्वासन तर मुळीच नको. मी कर्जविभागात असताना “पुढच्या महिन्यात सगळे भरतो” असे लिहिणाऱ्यापेक्षा “एवढेच भरू शकतो” असे लिहून तेवढे नेमाने भरणाऱ्या माणसावर आमचा विश्वास अधिक बसत असे.

कंपनीवर हे मान्य करण्याची सक्ती नाही, हे आधीच ध्यानात घ्या. नकार आला किंवा उत्तरच आले नाही, तरी ठरलेली रक्कम ठरलेल्या तारखेला कंपनीच्या अधिकृत कर्जखात्यात भरा आणि पावती जपून ठेवा. १ एप्रिल २०२४ पासून थकलेल्या हप्त्यावर दंड म्हणून व्याजदर वाढवता येत नाही. फक्त वाजवी दंडात्मक शुल्क लावता येते आणि त्या शुल्कावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. म्हणून खातेउतारा मागून घ्या आणि प्रत्येक ओळ तपासा. तीस दिवसांत समाधानकारक उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या तिच्या अधिकाऱ्याकडे, ऑनलाइन तक्रार करता येते. त्यासाठी पैसे लागत नाहीत आणि १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते.

कोणी “निम्मे भरा, खाते मिटवतो” असे म्हणाले, तर दोनदा विचार करा. तडजोडीने मिटवलेल्या खात्यावर पत अहवालात, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या इतिहासात, तशी नोंद राहते आणि पुढे घरासाठी कर्ज मागताना ती आडवी येते. पूर्ण मुद्दल हप्त्याने फेडून बाकी नसल्याचा दाखला घेतलेला बरा.

आता पाटल्यांचे. मासिक हप्त्यांच्या दोन कर्जांसाठी त्या गहाण ठेवायच्या नाहीत. मात्र तीस दिवसांच्या दोन कंपन्यांनी व्याज थांबवायला लेखी नकार दिला, तर त्या २८,००० रुपयांपुरतेच, राष्ट्रीयीकृत किंवा ओळखीच्या सहकारी बँकेत सोनेतारण करण्यात शहाणपण आहे, कारण तिथले वर्षाचे व्याज या ॲपच्या एका महिन्याच्या व्याजापेक्षाही कमी पडते. पण मग तारणाचा हप्ता त्याच ७,२०० रुपयांत बसवावा लागेल. तो बसत नसेल, तर पाटल्या कपाटातच राहू द्या.

कृष्णाकाठ

चाकणवासी दादा, साहेबांनी चार कर्जांबद्दल सगळे सांगितले आहे. मी त्या निनावी दोघांबद्दल लिहिते, कारण २०२३ मध्ये मी त्यातून गेले आहे.

मी सात दिवसांसाठी ३,००० रुपये घेतले होते. सहाव्या दिवशी सकाळी पावणेसातला पहिला फोन आला. पुढे एके संध्याकाळी मी भाकरी थापत होते, हात पिठाचे होते, आणि नणंदेचा फोन आला : “वहिनी, तुमचा हा कसला फोटो मला आलाय?” माझ्या आधार कार्डावरचा फोटो भलत्याच चित्राला चिकटवून त्यांनी तो फोनमधल्या नावांना पाठवायला सुरुवात केली होती. मी घाबरून ५,००० रुपये भरले. दुसऱ्या दिवशी वेगळ्या क्रमांकावरून पुन्हा तेवढेच पैसे मागितले गेले आणि आधीचे पैसे “जमा झालेच नाहीत” असे सांगितले गेले. माझ्याकडे पावती म्हणून होता तो कोणा अनोळखी माणसाच्या नावाचा यूपीआय व्यवहार, बाकी काही नाही.

मग मी रात्री बसून नवऱ्याला, सासऱ्यांना आणि सगळ्या नातेवाइकांना स्वतःच संदेश पाठवला. मी एका बोगस ॲपच्या तावडीत सापडले आहे, माझ्या नावाने काहीही आले तर उघडू नका, पैसे देऊ नका, फक्त क्रमांकाचा फोटो काढून मला पाठवा, एवढेच त्यात लिहिले. तो संदेश पाठवताना माझे हात थरथरत होते. पण सकाळी सासरे म्हणाले, “हे आधीच सांगितले असतेस तर पाच हजार वाचले असते.” त्यानंतर त्या माणसांच्या धमकीतला जोर गेला, कारण ज्याची भीती ते घालत होते ते मी स्वतःच सांगून टाकले होते. १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर सगळे स्क्रीनशॉट आणि यूपीआय आयडी चढवले, आणि तक्रारीची प्रत घेऊन पोलीस ठाण्यात गेले. अडीच आठवड्यांनी फोन थांबले.

तुमच्या बहिणीला, मेहुण्यांना आणि कारखान्यातल्या सुपरवायझरला आजच सांगा. ॲप काढून टाकण्याआधी त्यातली कर्जाची रक्कम, तारीख आणि व्यवहारांचे फोटो घ्या, कारण नंतर पुरावा हाती लागत नाही. आणि फोनवर कितीही गोड बोलले, तरी “फक्त मुदत वाढवून घ्या” म्हणून मागितलेले पैसे देऊ नका. त्या पैशांनी मुद्दल एक रुपयानेही कमी होत नाही.

पगारदार पतसंस्थेचा सचिव

तुमच्या कारखान्यात किंवा औद्योगिक वसाहतीत पगारदार सेवकांची सहकारी पतसंस्था आहे का, याची चौकशी करा. असल्यास आणि तुमची नोकरी कायम असल्यास, सभासद होऊन तिथून एकरकमी कर्ज घ्यावे आणि महागडी कर्जे एकदम बंद करावीत, असे माझे मत आहे. शाखाधिकारी साहेबांनी “नवे कर्ज नको” असे म्हटले आहे. त्याला एवढा एकच अपवाद मी मानतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ४९ प्रमाणे, सभासदाने तसे लिहून दिले असेल तर मालक पगारातून हप्ता कापून संस्थेला देतो, त्यामुळे ५ तारीख आणि ७ तारीख हा घोळच उरत नाही.

मात्र आमच्याकडे दोन जामीनदार लागतात, आणि तुम्ही थकलात तर कात्री त्यांच्या पगाराला लागते. शेजारच्या मशीनवर काम करणाऱ्या मित्राची सही घेताना हे त्याला स्पष्ट सांगा. कर्जाची रक्कम तुमच्या हातात न देता परस्पर त्या कंपन्यांच्या कर्जखात्यांत भरावी, अशी विनंती संस्थेला करा. आमच्या एका सभासदाने रक्कम हातात घेतली, दोन ॲपची कर्जे फेडली, तिसऱ्याचे राहू दिले, आणि आठ महिन्यांत त्याच्याकडे पतसंस्थेचा हप्ताही होता आणि ॲपही पुन्हा चार झाले होते. तेव्हापासून आमचे संचालक मंडळ परस्परच भरणा करते.

वकील, सातारा

काही कायदेशीर बाबी थोडक्यात लिहितो. कर्ज थकणे हा दिवाणी विषय आहे, त्यासाठी पोलीस घरी येऊन अटक करीत नाहीत. परंतु दिलेला धनादेश परत गेला, किंवा खात्यातून ओढण्याचा हप्ता शिल्लक नसल्याने परत गेला, तर अनुक्रमे परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली आणि प्रदान व निपटारा प्रणाली अधिनियम २००७ च्या कलम २५ खाली फौजदारी तक्रार होऊ शकते. म्हणून तारीख बदलून घेण्याची विनंती आधी लेखी करा, आणि न्यायालयाची किंवा वकिलाची खरी नोटीस आली तर तिला मुदतीत उत्तर द्या. व्हॉट्सॲपवर राजमुद्रा छापून येणारे “अटक वॉरंट” ही नोटीस नव्हे.

वसुली प्रतिनिधीला सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. शिवीगाळ, चारचौघांत अपमान, नातेवाइकांना किंवा मित्रांना त्रास, हे सगळे रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने स्पष्टपणे मना केले आहे आणि त्याची जबाबदारी मूळ कर्ज देणाऱ्या संस्थेची आहे. निनावी ॲपबाबत हेही लक्षात ठेवा की, महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा आहे. तुमच्या भागातला कोणी माणूस असे पैसे फिरवत असेल, तर सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडेही तक्रार द्या.

नोंदलेल्या कंपनीशी हप्त्याचे जमले नाही, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. दावा दाखल होण्यापूर्वीच प्रकरण लोकअदालतीत ठेवता येते, तिथे झालेल्या तडजोडीला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते आणि तिच्यावर अपील नसते. म्हणूनच झेपेल तेवढाच हप्ता तिथे कबूल करा. “आम्ही तुमचे सगळे कर्ज निम्म्यात मिटवतो, फक्त आमची फी आधी भरा आणि हप्ते थांबवा” असे सांगणाऱ्या मध्यस्थांपासून दूर राहा. तुमचे ७,२०० रुपये त्यांच्या फीत जातील आणि कंपन्यांची थकबाकी तशीच वाढत राहील.

चाकणवासी

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितो आहे, कारण काही घडल्याशिवाय लिहू नये असे वाटले.

त्याच रविवारी बायको आणि मी वही घेऊन बसलो. आमची बेरीज साहेबांच्या अंदाजापेक्षा ७०० रुपयांनी जास्त भरली, त्यामुळे ७,२०० ऐवजी ६,५०० रुपये उरले, आणि तेच चौघांत वाटले. चारही ठिकाणी ईमेल केले. साठ हजारवाल्या कंपनीने पाचव्या दिवशी उत्तर दिले : मुदत वाढवून ३,४०० रुपये हप्ता आणि तारीख १०. मी देऊ केलेल्या ३,२५० पेक्षा तो १५० रुपयांनी जास्त आहे. तेवढे मोबाइलचे रिचार्ज कमी करून जमते, म्हणून मान्य केले. बत्तीस हजारवाल्यांनी तारीख बदलली, हप्ता कमी करण्याबाबत “विचाराधीन” असे कळवले. दहा हजारवाल्यांनी व्याज थांबवून वीस हप्ते करून दिले, हे मला अपेक्षितच नव्हते. अठरा हजारवाल्यांनी साफ नकार दिला आहे आणि त्यांचा माणूस रोज फोन करतो. परवा रात्री साडेआठला फोन आला तेव्हा मी वेळ सांगितली, फोन ठेवला आणि नोंद केली. त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहून आज बावीस दिवस झाले.

निनावी दोघांबाबत कृष्णाकाठ ताईंनी सांगितल्याप्रमाणे केले. बहिणीच्या सासरी मी स्वतः जाऊन सांगितले. तिचे सासरे काहीही बोलले नाहीत, फक्त चहा घेऊन जा म्हणाले. १९३० वर तक्रार नोंदवली आहे, आणि आता फोन आठवड्यातून एखादाच येतो.

कारखान्यात पतसंस्था आहे, पण सभासद होऊन सहा महिने झाल्याशिवाय कर्ज मिळत नाही. या महिन्यापासून शेअरचे पैसे कापायला अर्ज दिला आहे.

निवृत्त शाखाधिकारी, कोल्हापूर

बावीस दिवस झाले आहेत, अजून आठ थांबा. तोवर अठरा हजारवाल्यांच्या वाट्याचे ९७५ रुपये १० तारखेला त्यांच्या कर्जखात्यात भराच, आणि लोकपालाकडच्या तक्रारीला ती पावती, रात्री साडेआठच्या फोनची नोंद आणि नकाराचा ईमेल जोडा. पाटल्यांचा विचार करायचा तर तो याच एका खात्यापुरता, आणि तोही लोकपालाचे उत्तर आल्यावर. बत्तीस हजारवाल्यांना दर सोमवारी एका ओळीचे स्मरणपत्र पाठवा.